शिडीचे दोन्ही डावे पाय

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मखर काढायला माळ्यावर चढत होते आणि तिसऱ्या पायरीची डावी बाजू खचकन खाली गेली. पडले नाही, माळ्याची कड हातात होती म्हणून लोंबकळले, नडगी मात्र चांगली सोलली. खाली आई (सासूबाई, पण त्यांना सगळी बिल्डिंग आईच म्हणते) फडकं घेऊन उभ्या होत्या, त्यांचा पहिला प्रश्न "मखर नाही ना पडलं?"

मखर नव्हतं पडलं.

संध्याकाळी आरास वगैरे झाल्यावर ती अ‍ॅल्युमिनियमची शिडी आडवी घातली आणि चष्मा लावून बसले. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूला दोन-दोन रिव्हेटनी (टोक चेपून पक्के केलेले खिळे) धरलेली. तिसऱ्या पायरीचा डावीकडचा एक रिव्हेट गायब, दुसरा तिरका झालेला आणि ज्या भोकातून तो जात होता ते भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. बाकीच्या पायऱ्या हलवून बघितल्या तर त्यातल्याही दोन कुरकुर करत होत्या. म्हणजे हे काही त्या दिवशी झालेलं नाही, कित्येक महिने चाललं होतं आणि आम्ही रोज त्याच्यावर चढून पंखे पुसत होतो.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की मी पोटासाठी हेच काम करते. दिवसभर ऑफिसात बसून स्टीलच्या जोडांची ड्रॉइंगं तपासते, कुठला बोल्ट किती भार घेईल, प्लेटमधलं भोक फाटेल का, कडेपासून अंतर पुरेसं आहे का. आणि घरातली शिडी कधी उलटी करून बघितली नाही. तर बसल्या बसल्या हिशोब केला. रिव्हेट ५ मिलिमीटरचा, पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर, दोन रिव्हेट धरून पत्र्याचा जेवढा भाग वजन झेलतो तो होतो चौरस सेंटिमीटरचा साधारण आठवा हिस्सा. पाय पायरीच्या मधोमध कुणी ठेवत नाही, कडेला ठेवतो, आणि कडेला ठेवला की जवळपास सगळं वजन त्याच बाजूच्या जोडावर येतं. १०० किलो धरले (मी आणि मखर मिळून तेवढं भरतं, हसू नका) तर दर चौरस सेंटिमीटरला ८०० किलो झाले. अ‍ॅल्युमिनियम तेवढं घेतं, नाही असं नाही. पण एकदा का रिव्हेट किंचित सैल झाला की प्रत्येक पावलाला तो भोकात इकडून तिकडे आपटतो, भोक मोठं होतं, मग जास्त आपटतो, मग आणखी मोठं. पायरी कधी मोडतच नाही हो, मोडतो तो जोड.

नवीन विकत आण म्हणाला नवरा. गेले होते बघायला. दुकानात चार शिड्या उलट्या करून बघितल्या, दुकानदार माझ्याकडे असा बघत होता की मी आंबे दाबून बघतेय. दोन तर आमच्या जुन्या शिडीच्या सख्ख्या बहिणी. एक चांगली होती, पायरीखाली तिरके आधार वगैरे, पण तोपर्यंत माझ्या डोक्यात किडा शिरला होता की लाकडाची करून घ्यायची.

किडा शिरायचं कारण आमच्या लहानपणचा वाडा. पुण्यात, कसब्यात राहायचो आम्ही, आता तिथे पाच मजली बिल्डिंग आहे, पण त्या वाड्याचा जिना ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, अंधारा, उभा चढ, धरायला वरून लोंबणारा दोर, वर जाताना डोकं आपटणार म्हणजे आपटणारच. जिन्याखाली लाकूडफाटा ठेवायची जागा होती आणि लपाछपीत मी तिथेच लपायचे. तिथून वर बघितलं की पायऱ्यांची टोकं दोन्ही बाजूच्या जाड फळ्यांत घुसलेली दिसायची. खाच पाडून त्यात पायरी सरकवलेली. किती पिढ्या वरखाली गेल्या, पाण्याचे हंडे गेले, धान्याची पोती गेली, आजोबांचं लोखंडी कपाट गेलं, एक पायरी हलली नाही. वजन लाकडावरून लाकडावर जात होतं, मधे कुणी दलाल नव्हता.

तेवढंच मला हवं होतं. पायरी टांगायची नाही, बसवायची. स्क्रू, बोल्ट, गोंद यांनी फक्त सगळं एकत्र धरून ठेवायचं, वजन उचलायचं काम त्यांना द्यायचंच नाही.

मग कागद घेऊन बसले. आमची बिल्डिंग जुनी, छत उंच, माळा ७ फुटांवर, मी ५ फूट १ इंच. चौथ्या पायरीवर उभं राहून माळ्यात छातीपर्यंत शिरता आलं पाहिजे असं धरलं तर पाच पायऱ्या पुरतात, त्यातली पाचवी म्हणजे वरचा पाट, तिथे डबा ठेवायचा, पाय नाही. दोन पायऱ्यांत २३ सेंटिमीटर. हे अंतर सगळीकडे सारखंच पाहिजे, कारण उतरताना आपण खाली बघत नाही, पायाला सवय झालेली असते, एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी पाय चुकतो. एकूण उंची झाली ११५. पुढची बाजू जमिनीशी ७० अंशात, मागचे पाय ७५ अंशात, म्हणजे उघडल्यावर पुढून मागे ७३ सेंटिमीटर जागा लागते. पॅसेजमध्ये बसते, मोजून बघितलं. रुंदी खाली ५० आणि वर ३६, कारण शिडी पुढेमागे पडते त्यापेक्षा बाजूला जास्त पडते, आपण लांबचा डबा काढायला कडेला वाकतो ना, तेव्हा. बेंबी शिडीच्या दोन पायांच्या मधे राहिली पाहिजे, बाहेर गेली की खाली उतरून शिडी सरकवायची, आळस करायचा नाही. (हे मी आईंना शंभर वेळा सांगितलंय. त्यांचं म्हणणं, बेंबीकडे बघत कोण काम करतं.)

सुतारकाका आले, ड्रॉइंग बघितलं, पहिलं वाक्य: "ताई, एवढं कशाला, खाली पट्टी मारू, वरून पायरी, फेविकॉल आणि चार स्क्रू, संध्याकाळपर्यंत देतो."

पट्टी मारणं अगदीच वाईट नाही बरं का. पट्टीचे स्क्रू बाजूच्या पायात आडवे जातात, तिथे ते चांगले धरतात, आणि दोन पायऱ्यांच्या छोट्या स्टुलाला मी पण हेच करीन. पण शेवटी वजन येतं स्क्रूवरच. आणि त्याहून वाईट प्रकार म्हणजे बाहेरून पायातून आरपार स्क्रू मारून पायरीच्या टोकात घुसवायचे, जे सर्रास करतात. लाकूड म्हणजे खराट्याच्या काड्यांची जुडी समजा. जुडीत आडवी सळई घातली तर ती काड्यांत अडकून बसते. बुडातून उभी खुपसली तर काड्यांच्या मधून वाट काढत जाते आणि जशी गेली तशीच निघून येते. फळीच्या टोकात मारलेल्या स्क्रूचं हेच होतं, गोंदाचंही तेच, टोकाकडून लाकूड गोंद पिऊन टाकतं आणि धड धरत नाही.

काकांना हे सगळं माहीत होतं, उलट खराट्याची उपमा त्यांचीच आहे. त्यांचा मुद्दा वेळेचा होता. "खाच पाडायची तर तिरकी पाडावी लागंल, दहा खाचा, दोन दिवस जातील." जाऊ देत म्हटलं.

खाच तिरकी का, तर शिडीचा पाय उघडल्यावर ७० अंशात कललेला असतो आणि पायरी मात्र जमिनीला समांतर पाहिजे. म्हणजे खाच पायाला काटकोनात नाही, २० अंश कललेली. शिवाय वर रुंदी कमी होत जाते म्हणून प्रत्येक पायरीची लांबी वेगळी आणि टोकंही किंचित तिरपी कापायची. काकांनी प्लायचा एक फर्मा (आखायचा साचा) बनवला आणि सगळ्या खाचा त्याच्यावरूनच आखायच्या ठरल्या, गुण्या (काटकोन बघायची पट्टी) फक्त सुरुवातीला एकदा वापरला.

खाचेच्या खोलीवरून मात्र आमचं वाजलं. मी ड्रॉइंगवर १५ मिलिमीटर लिहिलं होतं, जास्त खोल म्हणजे जास्त मजबूत असं माझं घरगुती लॉजिक. काका म्हणाले पाय ३० चा, त्यातले १५ खाल्ले तर राहिलं काय, पायच तिथे मोडणार. बरोबरच होतं, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल जाऊ नये. ते सुतात बोलतात, मी मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे आठ सूत. तीन सुतांवर तडजोड झाली, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, मी वहीत १० लिहिलं. पाय १० सेंटिमीटर रुंद, तिरक्या खाचेची लांबी साडेदहाच्या जरा वर, म्हणजे एका बाजूला साधारण साडेदहा चौरस सेंटिमीटर लाकडावर पायरी टेकणार. तेच १०० किलो आता दर चौरस सेंटिमीटरला १० किलोसुद्धा होत नाहीत. धपकन पाय टाकला आणि भार दुप्पट झाला तरी २०. मघाचे ८०० आठवा! सागवान आणि अ‍ॅल्युमिनियमची ताकद सारखी नाही हे कबूल, पण सागवानाला २० किलो म्हणजे पाठ खाजवल्यासारखं आहे.

लाकूड भवानी पेठेतून आणलं, टिंबर मार्केटच्या त्या भागातून, जिथे पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान पण मिळतं. नवीन लाकडाला चांगलं सुकायला वेळ द्यावा लागतो, या जुन्या तुळयांनी इतके उन्हाळे-पावसाळे खाल्लेत की त्यांचं काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. तोटा एकच, आत खिळे लपलेले असतात आणि रंध्याचं पातं गेलं की सुतार आपल्याकडे बघतो. मी फ्रिजवरचा लोहचुंबक नेला होता, फळीवरून फिरवत बसले, सात खिळे सापडले. दुकानातली पोरं हसली. पायासाठी फळ्या निवडताना गाठ नको आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ पाहिजेत एवढं बघितलं, रेषा तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर फळी तिथूनच चिरते. पायऱ्यांना एखादी छोटी गाठ चालवून घेतली. रिक्षावाल्याने आधी नाही म्हटलं, मग लांबी बघून हो म्हटलं, मग घराशी आल्यावर पुन्हा नाही म्हटल्यासारखं तोंड केलं.

आणि आता या लेखाच्या नावाचा विषय. रविवारी काका यायच्या आधी मी उत्साहात दोन्ही पायांवर खाचा आखून ठेवल्या, फर्मा ठेवला, पेन्सिल मारली, फर्मा उचलला, दुसऱ्या फळीवर ठेवला, पेन्सिल मारली. काकांनी एका फळीच्या खाचा करवतीने कडा कापून पटाशीने कोरून पूर्ण केल्या, सुंदर झाल्या, बोट फिरवलं तर तळ एकदम सपाट. दुसरी फळी पण कोरून झाली आणि ते थांबले. दोन्ही शेजारी उभ्या केल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ताई, हे दोन्ही डावे पाय झाले."

उजव्या पायावर फर्मा पालथा करून आखायला हवा होता, आरशातल्यासारखा. ज्या चुकीसाठी मी ऑफिसात पोरांची ड्रॉइंगं लाल करून परत पाठवते, तीच. आईंनी चहा आणला, परिस्थिती बघितली, कप ठेवून निघून गेल्या. भवानी पेठेत पुन्हा एक चक्कर, पुन्हा लोहचुंबक, पुन्हा तीच पोरं.

खाचेत पायरी बसली की वजनाचा प्रश्न मिटतो, पण अजून एक राहतो, दोन्ही पाय बाहेर फाकले तर पायरी खाचेतून निसटणार. गोंद आहे पण मी गोंदावर झोपणारी बाई नाही. त्यासाठी पायऱ्यांच्या खालून लोखंडी गज टाकायचा, एका पायातून आरपार दुसऱ्या पायात, बाहेरून नट आवळला की दोन्ही पाय पायरीला आत दाबून धरतात. जुन्या चांगल्या लाकडी शिड्या बघा, पायरीखाली असा गज असतोच. मी बोहरी आळीतून ८ मिलिमीटरचा आट्यांचा गज, मोठे वायसर आणि टोपी नट आणले. मोठे वायसर महत्त्वाचे, छोटा घातला तर आवळताना लाकडात घुसतो. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीखाली गज टाकले. काका आधी म्हणत होते गरज नाही, पण नट आवळल्यावर पायरीच्या टोकाची ती केसाएवढी फट मिटताना बघितली तेव्हा स्वतःच पाना मागून घेतला.

पावसाळ्यात फुगेल त्याचं काय, असं मला शेजारच्या जोशीकाकूंनी विचारलं, त्यांच्या बाथरूमचं दार जुलैत बंद होत नाही. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. इथे पायरीची रुंदी आणि पायाची रुंदी एकाच दिशेला आहेत, दोन्ही बरोबर फुगणार, बरोबर आटणार, एकमेकांशी भांडण नाही. जाडी थोडी वाढते, त्यामुळे खाच पावसाळ्यात जरा जास्तच घट्ट बसते. उन्हाळ्यात आटली की नट पाव आटा फिरवायचा. मी एप्रिलमध्ये फिरवले.

मागची चौकट पटकन सांगते, तिथे कुणी चढत नाही, दोन पाय आणि दोन आडव्या पट्ट्या, टोकाला कुसू (बारीक केलेली जीभ) करून आरपार भोकात बसवल्या आणि पाचर मारली. वरच्या जोडाला बिजागरी नको म्हटलं, त्याचे छोटे स्क्रू पुन्हा तेच दुखणं, त्याऐवजी दोन्ही बाजूला १० मिलिमीटरचा एक बोल्ट, त्यावर शिडी फिरते, सैल होऊ नये म्हणून आत नायलॉन असलेला नट.

पुढचे-मागचे पाय एकमेकांना बांधणारी मधली अडणी मात्र विचार करून घ्या. रंगवाल्यांचा घोडा बघितलाय ना, दोन पायांना सुंभाची दोरी बांधलेली. दोरी शिडीला जास्त फाकू देत नाही, पण मिटण्यापासून अडवत नाही. वर उभं राहून भिंतीला रेटा दिला की मागचे पाय पुढे सरकू शकतात. म्हणून घडी होणारी लोखंडी पट्टी लावली, उघडली की सरळ होऊन अडकते, दोन्हीकडून अडवते. बोट सापडतं मधे, एकदा सापडलंय.

वाचताना कळलं की अशी घडीची, सपाट पायऱ्यांची शिडी अमेरिकेतल्या डेटन गावच्या जॉन बाल्सली नावाच्या सुताराने १८६२ मध्ये पेटंट केली. काकांना सांगितलं. ते म्हणाले, त्याची बायको पण ड्रॉइंग काढून द्यायची का.

रंगावरून घरात दोन दिवस अबोला होता. आईंना ती मोरपंखी ऑइलपेंटने रंगवायची होती, स्वयंपाकघराच्या कपाटांना मॅचिंग. शिडीला असा जाड रंग देऊ नये, रंगाखाली चीर पडली तर दिसत नाही, आणि लाकडी शिडी मोडायच्या आधी चिरच पडून सांगत असते. मी अळशीचं तेल दिलं, दोन हात, फडक्याने पुसून. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मोकळी पसरून वाळवायची.) शेवटी वरचा पाट मोरपंखी झाला, बाकी शिडी लाकडी. दिसते बरी, खोटं कशाला बोलू. पायऱ्यांवर पॉलिश अजिबात नाही, उलट पुढच्या कडेला काकांनी करवतीने तीन उथळ रेघा ओढून दिल्या पाय घसरू नये म्हणून.

जमिनीवर ठेवली तर डगडगली. माझा जीव गेला. पण दोष शिडीचा नव्हता, आमची शहाबादी फरशी अशी आहे की लिंबू ठेवलं तर स्वतःच न्हाणीघरात जातं. सपाट जागा शोधायला गच्चीत नेली, तिथे चारही पाय टेकले. पायांच्या तळाला जाड रबर लावलं त्यामुळे घरातही आता बऱ्यापैकी निभावतं, पण चढायच्या आधी हाताने हलवून बघायचं आणि सरकवून नीट टेकेल अशी जागा शोधायची, पुठ्ठ्याची घडी वगैरे पायाखाली घालायची नाही.

चाचणीला मी खालून चौथ्या पायरीच्या कडेवर उभी राहिले, मग नवरा उभा राहिला, ८६ किलो, मग त्याला थोडं उड्या मार म्हटलं तर तो मार्केटिंगमध्ये असल्यामुळे आधी विम्याबद्दल बोलला. मारल्या. आवाज नाही, कुरकुर नाही. रात्री टॉर्च घेऊन दहाही खाचा बघितल्या.

तक्रार एकच आणि ती खरी आहे, जड झालीय. तेरा-चौदा किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची पाच पण नव्हती. आईंना उचलता येत नाही, त्यामुळे ती पॅसेजमध्ये उघडीच असते आणि तिच्या पायऱ्यांवर आता खालून अनुक्रमे पेपरची रद्दी, कांदे-बटाटे, इस्त्रीचे कपडे आणि मनीप्लांट असतो. माळ्यावर चढायचं तर आधी संसार उतरवावा लागतो. परत केली तर पायासाठी पाइन वापरीन, हलकं होतं, फक्त जाडी थोडी वाढवावी लागेल.

यंदाचं मखर काढून झालंय. आई स्वतः तिसऱ्या पायरीपर्यंत चढल्या, न विचारता. आणि तो जास्तीचा डावा पाय, पाच खाचा नीट कोरलेला, अजून बाल्कनीत भिंतीला टेकून उभा आहे. टाकवत नाही, सागवान आहे. परवा काका दुसऱ्या कामाला आले होते, त्यांना विचारलं याचं काय करू, तर म्हणाले, "राहू द्या ताई, शेजारच्या जोशीबाई शिडी पाहिजे म्हणत होत्या, एक पाय तयार आहे."

उजवा या वेळी ते स्वतः आखणार आहेत.